हडळ, चेटकीण आणि आपल्या मुली

(किशोरी गटांचं काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा हा मजकूर.)

आजचा विषय ऐकून तुमच्यातल्या काहीजणी हसल्या, ते मी पाहिलं. पोटगी, रेशन, नवऱ्याची मारहाण यांवर बोलणाऱ्या आपण. आज भुताखेतांच्या, जादूटोण्याच्या कादंबऱ्यांवर काय बोलणार? मीही अशीच हसले असते. माझं हसणं कुठं थांबलं, ते आधी सांगते.

आमच्या वस्तीतल्या गटात अकरावीत शिकणारी एक मुलगी येते. एकदा 'प्रेम म्हणजे काय' या विषयावर बोलणं चाललं होतं. ती म्हणाली, "ताई, त्याला माझी इतकी काळजी आहे! मी क्लासला जाते तेव्हा तो मागं मागं असतो. रात्री आमच्या घरासमोर गाडी लावून उभा राहतो. मला तर माहीतही नव्हतं, मैत्रिणीनं सांगितलं." सांगताना तिचा चेहरा फुलला होता. मी विचारलं, "ही काळजी कशावरून?" तिनं दप्तरातून एक जाडजूड इंग्रजी पुस्तक काढलं. पानं सुटायला आलेली. म्हणाली, "यातला एडवर्डही असंच करतो."

मी काय केलं असेन? पुस्तक बाजूला ठेवलं आणि म्हटलं, "असला कचरा वाचत जाऊ नकोस." झालं. ती मुलगी पुढचे पंधरा दिवस गटात फिरकली नाही. ज्या मुलीनं आपण होऊन माझ्याजवळ मन मोकळं केलं, तिचं दार मीच लावून घेतलं होतं. मग मी ते पुस्तक वाचायला घेतलं. त्यानंतर तसली आणखी काही वाचली. आज त्यांतलं थोडं तुमच्यापुढं मांडते.

ते पुस्तक म्हणजे स्टेफनी मायर या अमेरिकन लेखिकेची 'ट्वायलाइट', २००५ साली आलेली. नायिका बेला सतरा वर्षांची. नायक एडवर्ड व्हॅम्पायर, म्हणजे रक्तपिपासू पिशाच्च. दिसायला तोही सतराचाच, पण जन्म १९०१चा! बेलाच्या नकळत तो रात्री तिच्या खोलीत शिरतो आणि ती झोपलेली असताना तिच्याकडं पाहत बसतो. मालिकेच्या तिसऱ्या पुस्तकात ती दुसऱ्या एका मित्राला भेटायला जाऊ नये म्हणून तिच्या गाडीच्या इंजिनातला भागच काढून ठेवतो. हे सगळं प्रेम म्हणून येतं. नायिकेला राग येतो, पण तो टिकत नाही. आपल्याकडं कुणी असं केलं तर आपण काय म्हणतो? मुलीनं नको म्हटल्यावरही मागं लागणं, तिच्या फोनवर, इंटरनेटवर पाळत ठेवणं हा २०१३ सालापासून कायद्यानं स्वतंत्र गुन्हा आहे. आज तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली येतो.

पण इथंच थांबलो तर आपण अर्धंच वाचलं असं होईल. लाखो मुलींना हे पुस्तक का आवडलं? कारण त्यात मुलीची इच्छा मध्यभागी आहे. तिला तो हवा आहे, आणि ती हे लपवत नाही. आपल्या मुलींना 'मला हवंय' असं म्हणायची जागा घरात नाही, शाळेत नाही आणि खरं सांगायचं तर आपल्या गटातही फारशी नाही. आपण त्यांना धोके सांगतो, कायदे सांगतो. इच्छेबद्दल बोलत नाही. मग ते बोलणारं पुस्तक त्या उशाखाली ठेवतात, यात त्यांचं काय चुकलं?

म्हणून माझं म्हणणं असं की पुस्तक काढून घेऊ नका. शेजारी दुसरी पुस्तकं ठेवा. याच जातीची, जादूचीच, पण सत्ता कुणाच्या हातात आहे हा प्रश्न विचारणारी. अशी चार पुस्तकं सांगते.

पहिलं उर्सुला ले गुइन या अमेरिकन लेखिकेचं. १९६८ साली तिनं 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' लिहिली. समुद्रातल्या शेकडो बेटांचं जग, आणि जादू शिकवणारी एक शाळा. पण शाळेत फक्त मुलगे! बायकांची जादू कमअस्सल, असंच त्या जगात सगळे मानतात. त्यानंतर १९७१ साली तिनं 'द टूम्ब्ज ऑफ आटुआन' लिहिली, त्यात नायिका आहे टेनार. लहानपणीच तिला आईबापांपासून काढून एका देवस्थानात नेतात, प्रमुख पुजारीण करतात आणि तिचं नाव काढून घेतात. नवं नाव मिळतं आर्हा, म्हणजे 'गिळली गेलेली'. काळोख्या भुयारांवर तिची सत्ता चालते, पण त्या भुयारांबाहेर तिचं काहीच नाही.

हे वाचताना मला आपली लग्नं आठवली. ताटातल्या तांदळात अंगठीनं नवं नाव लिहायचं, सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या, पेढे वाटायचे. आईनं हाक मारलेलं नाव एका दुपारी संपलं! गटातल्या मुलींना ही गोष्ट सांगितली तेव्हा एक पटकन म्हणाली, "ताई, माझ्या आईचं आधीचं नाव काय होतं ते मला माहीतच नाही." ती घरी जाऊन विचारून आली. टेनारलाही कादंबरीत तिचं नाव परत मिळतं, आणि मग ती भुयारातून बाहेर पडते. बाहेर पडल्यावर मात्र तिला आनंदापेक्षा भीती जास्त वाटते. स्वातंत्र्य हे ओझंही असतं, हे लेखिका लपवत नाही. घर सोडून आलेल्या किती बायका आपल्याला हेच सांगतात!

या लेखिकेबद्दल आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. पुढं १९९० साली तिनं 'टेहानू' लिहिली आणि स्वतःच्याच जगाकडं वेगळ्या नजरेनं पाहिलं. टेनार आता मध्यमवयीन, शेतकऱ्याची विधवा. तिच्याकडं एक मुलगी येते. तिच्याच माणसांनी अत्याचार करून आगीत टाकलेली, अर्धा चेहरा जळलेला. मोठा जादूगार आपली जादू गमावून बसला आहे. आणि प्रश्न काय, तर घरातली भांडी कोण घासणार! पुरुषांच्या जादूचं गुणगान करून नाव मिळवलेल्या लेखिकेनं बावीस वर्षांनी विचारलं, या जगात बाई कुठं होती? स्वतःला असं तपासणं आपल्या चळवळीलाही जमायला हवं. 'टेहानू' मात्र लहान मुलींच्या हाती एकदम देऊ नका. आधी स्वतः वाचा. ज्या मुलीनं घरातच अत्याचार सोसला आहे, तिच्यासोबत बसूनच ती वाचली पाहिजे.

दुसरं पुस्तक टॅमोरा पिअर्स हिचं 'अलाना', १९८३चं. जुळी भावंडं. मुलाला जादू शिकायची आहे, मुलीला सरदार व्हायचं आहे. दोघं जागा बदलतात आणि ती मुलाच्या वेषात तलवार शिकायला जाते. वेषांतराच्या गोष्टी आपल्याला नव्या नाहीत. पण या गोष्टीत एक दिवस तिला पाळी येते. कुणी सांगितलेलंच नसतं, ती घाबरते. मग एका जाणत्या बाईकडं जाते. ती बाई शांतपणे सगळं समजावते आणि मूल राहू नये म्हणून एक ताईतही देते. राजवाडे, तलवारी, जादू असलेल्या कथेत पाळी आणि गर्भनिरोधन! पाळीचं सत्र घेताना तक्ता टांगण्याआधी हा प्रसंग सांगून पाहा. मुली माना खाली घालत नाहीत. पुढं काय झालं ते विचारतात.

तिसरं टेरी प्रॅचेट या इंग्रज लेखकाचं 'द वी फ्री मेन', २००३चं. पुरुषानं लिहिलेलं आहे, तरी सांगते. नायिका टिफनी नऊ वर्षांची, मेंढपाळांच्या घरातली. घरात दूध-लोण्याचं काम करणारी. परीराणी तिच्या धाकट्या भावाला पळवते, तेव्हा ही पोर हातात तवा घेऊन त्याला सोडवायला निघते. तिला चेटकीण व्हायचं आहे. का? तिच्या गावाजवळ एक म्हातारी एकटी राहत होती. दात पडलेले, आपल्याशीच बोलायची. सरदाराचा मुलगा नाहीसा झाला आणि लोकांनी ठरवलं, हीच चेटकीण. तिचं घर मोडलं. कुणी थारा दिला नाही, आणि हिवाळ्यात ती मेली. टिफनी त्या घराची भट्टी आठवते आणि साधा हिशेब करते: एवढ्याशा भट्टीत माणूस शिजवणार कसा? सगळं गाव जे बोलत होतं, त्यातलं काही कुणी मोजूनच पाहिलं नव्हतं. अशा म्हातारीवर पुन्हा कधी अशी वेळ येऊ नये, म्हणून टिफनीला चेटकीण व्हायचं आहे.

नंदुरबारकडं काम करणाऱ्या मैत्रिणींना मी याहून जास्त काय सांगणार? 'डाकीण' ठरवून बायकांना मारणं, गावाबाहेर काढणं, त्यामागचे जमिनीचे आणि भाऊबंदकीचे हिशेब तुम्हाला पाठ आहेत. महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला २०१३ साली, डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर. कायदा हवाच. पण नऊ वर्षांच्या मुलीला 'भट्टी मोजून पाहा' असं शिकवणारी गोष्टही हवी. चेटकिणीची गोष्ट अंधश्रद्धा वाढवते असं आपण सरसकट म्हणतो. ही गोष्ट नेमकं उलटं करते.

चौथं पुस्तक नेडी ओकोराफोर हिचं 'अकाटा विच', २०११चं. कथा नायजेरियातली. सनी बारा वर्षांची, अमेरिकेत जन्मलेली आणि आता आबा शहरात राहणारी. तिच्या त्वचेत रंगद्रव्य नाही, त्यामुळं उन्हात फुटबॉल खेळता येत नाही आणि शाळेत टोमणे. तिला कळतं की आपल्यात जादू आहे. या जादूच्या जगातला एक नियम मला फार आवडला. तिथं पैसे कष्टानं नाही, वारशानं नाही, तर काही नवं शिकलं की मिळतात. शिकलीस की आभाळातून धातूची नाणी खाली पडतात! 'मुलीला शिकवून काय मिळणार' असं म्हणणाऱ्या घरांत ही गोष्ट मोठ्यानं वाचावी. शिवाय गोऱ्या मुलींचीच जादू असते, हा समजही ती मोडते.

आता आपल्या भुतांकडं येते. 'ट्वायलाइट'च्या शेवटच्या पुस्तकात बेला बाळंतपणात मरायला टेकते आणि त्याच क्षणी तिला पिशाच्च केलं जातं. ती आणखी सुंदर, बलवान होते, सगळ्यांची लाडकी होते. आपल्याकडं बाळंतपणात मेलेल्या बाईचं काय होतं? ती हडळ होते, अळवंतीण होते. ती परत येऊ नये म्हणून वाटेवर धान्य टाकायचं, खिळे ठोकायचे. दवाखाना लांब, अंगात रक्त नाही, लागोपाठची बाळंतपणं, यांतून बाई मेली. तिला वाचवलं कुणी नाही, आणि मेल्यावर भ्यायचं मात्र तिलाच! आपल्या जुन्या भुतांची यादी म्हणजे गावानं केलेल्या अन्यायांची यादी आहे, असं मला वाटू लागलं आहे. मुलींना एकदा सांगा, हडळीच्या बाजूनं गोष्ट लिहा. आमच्या गटात एकीनं लिहिलं, हडळ रोज रात्री दवाखान्याच्या बंद दारावर टकटक करते. बस, एवढंच वाक्य. सगळ्या गप्प झाल्या.

अडचणी आहेत. ही सगळी पुस्तकं मी इंग्रजीत वाचली. महागही आहेत, आणि आपल्या बहुतेक मुली मराठीतून शिकतात. पण आपल्या आज्या अक्षरओळख नसताना श्रावणातल्या कहाण्या सांगत होत्याच ना? एकीनं वाचावं, दहाजणींना सांगावं. एका बैठकीत एक प्रकरण, आणि प्रत्येक वेळी हे चार प्रश्न: या गोष्टीत सत्ता कुणाची? तिला कुणी विचारलं का? तिचं नाव कुणी ठेवलं? आणि भीती कुणाला वाटते, कुणामुळं?

ती अकरावीतली मुलगी परत आली. मीच तिच्या घरी गेले, पुस्तक परत दिलं, माफी मागितली आणि म्हटलं, "मी सगळं वाचलं. चल, बोलू या." आम्ही एडवर्ड खिडकीतून येतो तो प्रसंग पुन्हा वाचला. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "ताई, त्यानं दार वाजवायला हवं होतं." नंतर तिनं त्या मुलाला सांगितलं, घरासमोर उभा राहू नकोस. तो चिडला. त्याच्या चिडण्यावरून तिला बरंच काही कळलं. पुढचं ती ठरवते आहे, आणि आम्ही तिच्यासोबत आहोत.

मैत्रिणींनो, आपल्या मुली रात्री पांघरुणात मोबाइलच्या उजेडात काय वाचतात, ते एकदा विचारा. हसू नका, रागावू नका. म्हणा, "मलाही सांग."