बाबांच्या रिपोर्टमधली एक ओळ



मी संगणकवाली. तरी आज जीवशास्त्रावर बोलणार आहे, कारण गेल्या वर्षी बाबांच्या रिपोर्टमध्ये एक ओळ आली : तेराव्या गुणसूत्राचा एक तुकडा गायब. आजार क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया, म्हणजे सावकाश वाढणारा रक्ताचा कॅन्सर.

प्रोग्राममधल्या काही ओळी पुसल्या गेल्या, की आम्ही आधी विचारतो : त्या ओळी काय काम करत होत्या? शास्त्रज्ञांनीही तेच विचारलं. या आजाराच्या निम्म्याहून अधिक रुग्णांत हाच तुकडा नसतो. त्यात प्रथिन बनवणारं जनुक बरीच वर्षं शोधलं, दोषी सापडेना. २००२ साली कार्लो क्रोचे यांच्या गटाला तिथे दोन मायक्रोआरएनए सापडले. प्रथिन न बनवणारे, जेमतेम बावीस अक्षरांचे.

बाईंनी फळ्यावर काढलेली आकृती आठवते? डीएनएपासून आरएनए, आरएनएपासून प्रथिन. मायक्रोआरएनए मधल्या पायरीवर आडवा येतो. निरोप नेणाऱ्या आरएनएला चिकटतो आणि प्रथिन बनू देत नाही. हे दोघे बीसीएल-२ या प्रथिनाला आवर घालतात, असं २००५ साली दाखवलं गेलं. हे प्रथिन पेशीला मरण्यापासून वाचवतं. आवर घालणारेच गेले, तर ज्या पेशींनी मरायला हवं त्या साठत जातात.

पहिला मायक्रोआरएनए जगासमोर आला १९९३ साली, आपण आठवीत असताना, एक मिलिमीटर लांबीच्या कृमीत. ती त्या कृमीपुरतीच गोष्ट असावी, असं अनेकांना वाटलं. त्याच शोधासाठी व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रव्हकन यांना २०२४चं नोबेल मिळालं.

पण शोध म्हणजे लगेच औषध नव्हे. मायक्रोआरएनएसारखा रेणू कॅन्सरच्या रुग्णांना देण्याची एक चाचणी २०१६ साली गंभीर दुष्परिणामांमुळे थांबवावी लागली. त्याच वर्षी अमेरिकेत बीसीएल-२ला थेट रोखणारी व्हेनेटोक्लॅक्स ही गोळी मात्र मंजूर झाली. ती वेगळ्या वाटेने आलेली.

बाबांना अजून औषध सुरू नाही. एवढाच तुकडा गेला असेल, तर आजार बहुधा संथ चालतो, असं डॉक्टर म्हणाले. दर तीन महिन्यांनी तपासणी असते. “माझं नेमकं हरवलंय काय?” असं बाबांनी विचारलं, तेव्हा मी वहीच्या पाठीमागे तीच आकृती काढली. ती आठवीतली आकृती तीस वर्षांनी उपयोगी पडली, बाई. त्याबद्दल आभार मानायचे राहिले होते.