नाव कोणाचे?



कामगार चळवळीतल्या माणसाने अमेरिकन वाद्यवृंदावर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. पण या विषयात आम्हांला सुरांइतकाच मालकीचा प्रश्न दिसतो, आणि तो तर आमचा रोजचा प्रश्न आहे.

१९६५ च्या सुमारास लॉस एंजेलिसच्या सॅन फर्नांडो खोऱ्यात काही पोरे एकत्र आली. अशा पोरांची तालीम बहुधा घरच्या मोटारीच्या गॅरेजात चाले. म्हणून त्या संगीताला 'गॅरेज रॉक' म्हणतात. जेम्स लो गाई, केन विल्यम्स गिटार वाजवी, मार्क ट्यूलिन बेस गिटार. पुढे वृंदाचे नाव पडले 'इलेक्ट्रिक प्रून्स', म्हणजे विजेचे आलुबुखार!

ध्वनिमुद्रणातले जाणकार डेव्हिड हॅसिंजर त्यांचे निर्माते झाले. ॲनेट टकर आणि नॅन्सी मँट्झ या दोघींनी रचलेले 'आय हॅड टू मच टु ड्रीम' हे गाणे पोरांनी वाजवले. आरंभीच गिटारची फीत उलटी फिरवलेली; भुंगा कानाशी यावा तसा तो आवाज. मनाची भ्रमावस्था सुरांत पकडणारे हे 'सायकेडेलिक' गाणे १९६७ मध्ये बिलबोर्डच्या यादीत ११ व्या क्रमांकावर पोहोचले.

पण नावाचा हक्क होता हॅसिंजर यांच्याकडे. १९६८ साली 'मास इन एफ मायनर' ही तबकडी निघाली. डेव्हिड ॲक्सेलरॉड यांनी लॅटिन प्रार्थना रॉक संगीतात बांधल्या होत्या. कानाने वाजवणाऱ्या पोरांपुढे स्वरलिपीचे कागद आले. काम रेंगाळले, आणि बाहेरचे वादक आणून ते पुरे केले गेले. वृंद फुटला. १९६९ साली त्याच नावाने आणखी एक तबकडी आली. तीत मूळचा एकही माणूस नव्हता. गिरणीच्या भाषेत सांगायचे तर सगळेच बदली, खात्याचे नाव तेवढे जुने!

हॅसिंजर यांचे कसब आणि त्या दोघींचे गाणे नसते, तर हे नाव झाले नसते, हेही खरे. परंतु वाटा अनेकांचा आणि हक्क एकाचा, हा न्याय कोणता? १९७२ च्या 'नगेट्स' या संग्रहात पहिले गाणे घेतले ते त्या मूळ पोरांचेच. आणि १९९९ मध्ये त्यांतले काहीजण पुन्हा त्याच नावाखाली एकत्र आले.

आपल्या गावातही मुले वाद्ये घेऊन जमतात. त्यांना आमचे एवढेच सांगणे आहे: वाद्ये जुळवण्याआधी, नाव कोणाचे ते कागदावर लिहून घ्या.