बाटलीवरची विधवा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आपल्या मंडळात मद्याचा विषय काढते आहे, तरी रागावू नका. मुलाकडे पॅरिसला गेले होते, तेव्हा सूनबाईने आगगाडीने पाऊण तासावरच्या रॅन्स गावी नेले. नकाशात आपण रीम्स वाचतो, तेच हे. शँपेन प्रांतातले मोठे गाव. इथल्या द्राक्षांच्या टेकड्या, मद्याच्या पेढ्या आणि तळघरे युनेस्कोने २०१५ साली जागतिक वारशात घेतली.

पोमरी पेढीच्या तळघराला ११६ पायऱ्या आहेत. उतरताना काही वाटले नाही. चढताना मात्र गुडघ्यांनी एकेक मोजली! खाली खडूच्या पांढऱ्या भिंती, रोमन काळापासूनच्या खाणी आणि बारमाही गारवा. पहिल्या महायुद्धात गावावर तोफगोळे पडत, तेव्हा माणसे अशाच तळघरांत राहिली. मुलांच्या शाळाही तिथेच भरल्या.

मी उभी राहिले आहे ती मात्र एका शब्दासाठी. गावातल्या दुकानात पिवळ्या कागदाच्या बाटलीवर ‘व्हव क्लिको’ असे लिहिले होते. व्हव म्हणजे काय, मी विचारले. सूनबाई घुटमळली. मग हळूच म्हणाली, “विधवा, आई.”

ही बार्ब-निकोल. १८०५ साली नवरा गेला तेव्हा सत्तावीस वर्षांची, पदरी लहान मुलगी. त्या काळच्या कायद्याने लग्नाच्या बाईला नवऱ्याच्या संमतीवाचून व्यापार करता येत नसे, विधवेला येई. सासऱ्यांनी विश्वास टाकला आणि हिने पेढी हाती घेतली. नेपोलियनच्या लढायांनी बंदरे अडवलेली. तरी १८१४ साली, बंदी पुरती उठण्याआधीच, हिने दहा हजारांवर बाटल्या गुपचूप रशियाकडे रवाना केल्या.

तिची खरी करामत गाळाची. शँपेन बाटलीतच पुन्हा आंबते, म्हणून फेस येतो. पण गाळही उरतो. आपण तूप कढवले की बेरी तळाशी बसते आणि तूप वरून ओतून घेता येते. इथे तसे ओतले तर फेसच जातो. हिने १८१६ साली मेजाला तिरपी भोके पाडून घेतली, स्वयंपाकघरातल्याच मेजाला असे सांगतात, आणि त्यांत बाटल्या मान खाली करून ठेवल्या. रोज थोड्या फिरवायच्या. गाळ बुचापाशी उतरतो. बूच काढले की तेवढाच उडून जातो. पोमरीबाईही विधवाच, १८५८ पासून. जुन्या खाणींची तळघरे तिने केली.

क्लिकोबाईच्या बाटलीवर तिच्या नवऱ्याचे आडनाव आहे, स्वतःचे नाव नाही. हे मला खटकले. पण ‘विधवा’ हा शब्द दर्शनी, ठसठशीत छापलेला. मी तिथे बराच वेळ उभी होते. एक घोटही घेतला, आंबट लागला.

माझे यजमान जाऊन नऊ वर्षे झाली. तेव्हापासून आपल्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी आत चहाचे पाहते. मला कुणी तसे सांगितले नाही. मीच आत गेले आणि कुणी बाहेर बोलावले नाही. यंदा चहाचे दुसऱ्या कुणीतरी पाहावे. मी बाहेर सतरंजीवर बसणार आहे.