हिशेबाच्या तक्त्यात आकडा, तारीख आणि मजकूर यांची गल्लत टाळा

(शेतकरी मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा सारांश)



आपल्यापैकी अनेकांच्या घरी आता संगणकावर शेतीचा जमाखर्च लिहिला जातो. बचत गट, शेतकरी गट आणि उत्पादक कंपन्यांच्या सभासद याद्याही एक्सेलच्या तक्त्यात असतात. वही गेली, तक्ता आला, पण चुका गेल्या नाहीत. त्यांचे रूप तेवढे बदलले. आज त्यातील एकाच चुकीविषयी मी बोलणार आहे.

तक्त्यातील प्रत्येक चौकटीत, म्हणजे सेलमध्ये, आपण जे लिहितो त्याचा प्रकार संगणक स्वतःच ठरवतो : आकडा, तारीख की मजकूर. आपण काही सांगितले नाही तर तो अंदाज करतो, आणि तो अंदाज अनेकदा चुकतो.

आपल्या रोजच्या व्यवहारातलेच उदाहरण घ्या. चौकटीत ७/१२ असे लिहून एंटर दाबा. संगणकाला सातबारा ठाऊक नाही. तो ७ डिसेंबर लिहितो. गट नंबर १२/२ लिहिला की १२ फेब्रुवारी होते. १२५/२ मात्र जसाच्या तसा राहतो, कारण तशी तारीखच नसते. त्यामुळे निम्मी यादी बरोबर व निम्मी बिघडलेली असते आणि पटकन लक्षात येत नाही. नंतर तो प्रकार बदलून मजकूर केला तरी १२/२ परत येत नाही, एक पाच अंकी आकडा दिसतो. याचे कारण असे की, एक्सेल तारीख ही १ जानेवारी १९०० पासूनच्या दिवसांच्या मोजणीने साठवते. १ जानेवारी २०२४ म्हणजे तिच्या लेखी ४५२९२. अशा वेळी सातबारा समोर ठेवून नंबर पुन्हा लिहिण्यावाचून इलाज नाही.

यात कमीपणा वाटून घेऊ नका. जनुकांची नावे एक्सेलमध्ये तारखा होऊन बसत, म्हणून शास्त्रज्ञांना काही जनुकांची नावेच बदलावी लागली. त्याचे नवे नियम २०२० मध्ये प्रसिद्ध झाले.

दुसरा धोका बँक खात्याचा. खाते क्रमांकाच्या सुरुवातीची शून्ये संगणक गाळून टाकतो, कारण आकड्याच्या आधीच्या शून्याला किंमत नसते. शिवाय एक्सेल आकड्याचे पहिले १५ अंकच सांभाळते. खाते क्रमांक १६ अंकी असेल तर शेवटचा अंक शून्य होतो. अशी यादी पुढे गेली तर सभासदाचे पैसे अडकतात आणि दोष कोणाचा यावर वाद होतो.

उपाय सोपा आहे, पण तो लिहिण्यापूर्वी करावा. गट नंबर, खाते क्रमांक, आधार क्रमांक यांचा पूर्ण स्तंभ निवडा. कंट्रोल आणि १ ही बटणे एकत्र दाबा. उघडलेल्या खिडकीत ‘नंबर’ भागात ‘टेक्स्ट’ निवडा व ‘ओके’ करा. मगच लिहायला सुरुवात करा. एखादीच चौकट असेल तर आधी एकेरी अवतरण चिन्ह देऊन क्रमांक लिहावा. ज्याची बेरीज करायची नाही तो मजकूर, एवढे सूत्र ध्यानात ठेवा.

आता याच्या उलट चूक. समजा कांद्याच्या चार खेपा लिहिल्या : १२, १५, १८ आणि शेवटी ‘१४ क्विंटल’. बेरीज ५९ यायला हवी, येते ४५. ‘क्विंटल’ शब्दामुळे ती चौकट मजकूर झाली आणि ‘सम’ सूत्राने ती मुकाट्याने वगळली. क्विंटलला १,५०० रुपये भाव धरला तर २१,००० रुपये हिशेबातून गेले! म्हणून एकक स्तंभाच्या मथळ्यात लिहावे, चौकटीत फक्त आकडा.

मजकूर झालेले आकडे ओळखायचे कसे? ते चौकटीत डावीकडे चिकटतात, खरे आकडे उजवीकडे. कोपऱ्यात अनेकदा लहान हिरवा त्रिकोणही दिसतो. येथे नुसता प्रकार बदलून भागत नाही, आतला मजकूर तसाच राहतो. त्यासाठी स्तंभ निवडून प्रथम प्रकार ‘जनरल’ करावा. एकक लिहिले असेल तर कंट्रोल आणि एच दाबून तो शब्द काढून टाकावा. नंतर ‘डेटा’मधील ‘टेक्स्ट टू कॉलम्स’ उघडून ‘फिनिश’ दाबावे. आकडे उजवीकडे सरकले की काम झाले.

पेरणी, फवारणी, विक्री यांच्या तारखा लिहिताना महिना अक्षरांत लिहावा. ५/६ म्हणजे ५ जून की ६ मे, हे संगणकाच्या मांडणीवर अवलंबून असते. फवारणी ते काढणी यांतील दिवस मोजताना ही चूक महागात पडते.

शेवटी एक विनंती. दुरुस्तीपूर्वी फाईलची एक प्रत वेगळी ठेवा आणि महिन्यातून एकदा तक्त्याची बेरीज पावत्यांशी ताडून पाहा. पेरणीआधी आपण बियाणे पारखून घेतो, तसेच लिहिण्याआधी स्तंभाचा प्रकार पारखून घ्या. पुढचा हिशेब त्यावरच उगवणार आहे.