धुतल्या गाडीचे ओरखडे



वसंत व्याख्यानमालेत संतवाङ्मय, शेतीचे अर्थकारण, विदर्भाचा प्रश्न असे विषय असतात. त्या रांगेत गाडी धुण्याचा विषय घेऊन आम्ही उभे आहोत. व्यवस्थापकांपैकी एकाने आम्हांला विचारलेही, की यात तासभर बोलण्यासारखे काय आहे? आम्ही गेली पंचवीस वर्षे मोटार चालविणाऱ्यांत आणि वर्कशॉपमध्ये राबणाऱ्यांत संघटनेचे काम करीत आहोत. आमची शाळा सातवीत सुटली. पुढचे जे काही शिक्षण झाले ते वाचनालयात आणि गॅरेजात. मालक, गिऱ्हाईक आणि मजूर या तिघांचे नाते एका ओल्या फडक्यावर जितके स्पष्ट दिसते, तितके ते आम्हांला पुस्तकात क्वचितच दिसले. म्हणून हा विषय.

आपल्या कळंबात तो नेहमीच डोळ्यांसमोर असतो. नवी गाडी घेतली की आसपासचा माणूस ती चिंतामणीच्या दर्शनाला घेऊन येतो. बॉनेटवर कुंकवाचे स्वस्तिक निघते, हार चढतो, चाकाखाली लिंबू जाते. गाडी काळी किंवा गर्द निळी असली आणि उन्हात उभी असली, तर एकदा तिच्याकडे तिरपे पाहावे. सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेघा दिसतात. त्या मुळात गोल नसतात. फडका जसा फिरला तशा त्या सर्व दिशांनी गेलेल्या असतात. उजेडाला आडव्या पडणाऱ्या तेवढ्या चमकतात, म्हणून जाळे गोल वाटते. गाडी घरी येऊन चार दिवस झालेले नसतात. मग हे जाळे विणले कुणी? बहुतेक वेळा ते विक्रेत्याच्याच धुण्याच्या जागी, गाडी ताब्यात देण्यापूर्वीच्या घाईत विणले गेलेले असते.

हे समजण्यासाठी रंगाची रचना थोडी पाहावी लागेल. आपल्यापैकी पुष्कळांना अँबॅसडर आठवत असेल. २०१४ पर्यंत ती निघत होती. जुन्या गाड्यांचा रंग हाच वरचा थर असे. पॉलिश घासले की फडक्याला गाडीचा रंग लागे, आणि खाली पुष्कळ रंग शिल्लक राही. आता रंगावर एक बिनरंगी, पारदर्शक थर देतात. गाडीची सारी चकाकी त्या थराची. पत्र्यावरचे सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतात, म्हणजे मिलिमीटरचा दहावा ते सातवा हिस्सा. त्यांत हा पारदर्शक थर ४० मायक्रॉनच्या आसपास. आपण सकाळी वाचतो त्या वर्तमानपत्राचा कागदसुद्धा त्याहून जाड असतो. आणि घासायचे ते याच थरावर. तो एकदा संपला की पुन्हा रंग मारण्यावाचून उपाय नाही.

आता धूळ पाहा. कारखान्यातून आलेली गाडी विक्रेत्याच्या उघड्या आवारात दिवसचे दिवस उभी असते. रस्त्याच्या धुळीत गिट्टीचा चुरा असतो, वाळूतल्या गारेचे कण असतात. गारेचा कण काचेवर ओरखडा काढतो. मग या कोवळ्या थराची काय कथा? ही धूळ आधी पाण्याच्या धारेने उतरविली तर काही बिघडत नाही. पण कोरडा फडका घेऊन ती पुसली, की प्रत्येक कण लेखणीसारखा चालतो. शिवाय कपडे धुण्याची पूड वापरली, तर कणाला घसरू देणारा साबणाचा ओशटपणा मिळत नाही आणि वरचे मेणही निघून जाते. त्यात बोअरचे जड पाणी आणि आपला वैशाखाचा उन्हाळा! थेंब पुसण्याआधीच वाळतो आणि चुन्याचा पांढरा डाग मागे ठेवतो. तो डाग खरवडून काढायला गेले की नवा ओरखडा.

दोन वर्षांपूर्वी आमच्या संघटनेच्या एका सभासदाने कर्ज काढून भाड्याने चालविण्यासाठी काळी गाडी घेतली. विक्रेत्याचे नाव सांगण्याचे येथे प्रयोजन नाही. दुसऱ्याच दिवशी उन्हात जाळे दिसले. ज्याच्या घरी गाडी हौसेची आहे त्याला हे डोळ्यांत खुपते एवढेच. पण याचा लग्नसराईचा धंदा. नवरदेवासाठी गाडी ठरविणारा माणूस आधी गाडीभोवती एक फेरी मारतो आणि मग भाडे पाडून मागतो. हप्ता मात्र पडत नाही. सभासद तक्रार घेऊन गेला. व्यवस्थापकाने दोन गोष्टी तत्काळ केल्या. गाडी धुणाऱ्या पोराला सर्वांसमोर बोलावून त्याच्या पगारातून नुकसानभरपाई कापण्याचे जाहीर केले, आणि गाडी घासण्याच्या यंत्राखाली दिली. संध्याकाळी गाडी आरशासारखी झाली. सभासद खूश, व्यवस्थापक खूश.

दोन धुण्यांनंतर जुने जाळे परत दिसू लागले आणि त्याबरोबर नव्या लाटांसारख्या सावल्याही आल्या. याचे कारण साधे आहे. घासण्याच्या पुष्कळ लुगद्यांत तेल आणि भरण असते. ते ओरखड्यात बसते, ओरखडा काही काळ लपतो आणि धुतल्यावर भरण निघून जाते. लाटा आल्या त्या एकाच अक्षावर गरगर फिरणाऱ्या यंत्राच्या, अननुभवी हातात दिल्यामुळे. म्हणजे पहिले नुकसान झाकण्यासाठी थराचा आणखी एक हिस्सा खर्ची पडला.

आम्ही त्या पोराला भेटलो. तो म्हणाला, "भाऊ, बादली एकच हाय. दहाव्या गाडीले येतवर पानी चहावानी होते. फडका खाली पडला त झटकून घे म्हनते. पंधरा मिन्टात गाडी भाईर पाहिजे." त्याला रंगाचा थर किती मायक्रॉन ते ठाऊक नव्हते; पण मळक्या पाण्याने रेघा पडतात हे त्याला व्यवस्थापकापेक्षा अधिक चांगले ठाऊक होते. त्याने दुसरी बादली मागितलीही होती.

येथे कायदा काय म्हणतो? १९३६ सालच्या वेतन प्रदान कायद्याने हे तत्त्व घातले, की नुकसानीपोटी कामगाराचा पगार कापायचा तर नुकसान थेट त्याच्या हयगयीने किंवा कसुरीने झालेले असले पाहिजे, आणि कापण्यापूर्वी त्याला आपले म्हणणे मांडण्याची संधी दिली पाहिजे. २०१९ च्या वेतन संहितेतही ते तत्त्व कायम आहे. आता हयगय कुणाची? बादली एक देणाऱ्याची, पंधरा मिनिटे ठरविणाऱ्याची, की झटकलेला फडका चालविणाऱ्याची? आम्ही हाच प्रश्न लेखी विचारला. उत्तर आले की पोरगा आमचा नव्हेच, कंत्राटदाराचा आहे. कंत्राटदार म्हणाला, माणूस माझा, पण फडके आणि पाणी शोरूमचे. दंड करताना पोरगा शोरूमचा होता आणि जबाब देताना कंत्राटदाराचा झाला! माथाडी-हमालांची अशीच अवस्था होती. अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीनंतर १९६९ साली महाराष्ट्राने त्यांच्यासाठी कायदा केला आणि पुढे मंडळे उभी राहिली. शोरूमच्या मागच्या बाजूला गुडघाभर फेसात उभ्या असलेल्या या पोरांची अजून कुणी मोजदादही केलेली नाही.

गाडीचे पुढे काय झाले तेही सांगितले पाहिजे, कारण आपल्यापैकी कित्येकांच्या दारात अशी गाडी असेल. पहिले काम, ज्याने बिघडविली त्याच्या यंत्राखाली ती पुन्हा देऊ नये. रेघेवरून अलगद नख फिरवावे. नख अडकले तर ओरखडा खोल आहे आणि तो घासून जाणार नाही. नख अडकले नाही तर आशा आहे. जाणत्या कारागिराकडे थराची जाडी मोजण्याचे छोटे यंत्र असते. ते न लावता घासायला बसणाऱ्याला हात जोडावेत. त्याने आधी हातभर जागेवर सर्वांत सौम्य लुगदी वापरून पाहावी. जिची चकती फिरता फिरता हेलकावतेही, अशी मशीन वापरावी. कडांवर थर पातळ असतो, तेथे हात आवरावा. शेवटी स्पिरिटाच्या पातळ पाण्याने पुसून पाहावे, म्हणजे रेघ गेली की नुसती झाकली हे कळते. आणि प्रत्येक रेघ काढण्याचा हट्ट धरू नये. आमच्या सभासदाच्या गाडीवर दोन-चार खोल रेघा आजही आहेत. त्या काढण्यापेक्षा थर राखणे शहाणपणाचे ठरले. पाण्याचे डाग ताजे असले तर पातळ केलेल्या पांढऱ्या व्हिनेगरने, सावलीत, लगेच धुऊन टाकले की बहुधा निघतात.

त्याहून सोपा मार्ग म्हणजे नवी गाडी घेताना लेखी कळवावे, की गाडी धुऊ नका, पुसू नका, आम्ही धुऊन घेऊ. हार-फुग्यांसाठी गाडी चकचकीत हवी असा आग्रह विक्रेता धरील, धरू द्यावा. सही करण्यापूर्वी गाडी उन्हात काढून पाहावी, अंधार असेल तर मोबाइलचा दिवा तिरपा धरावा, आणि दोष दिसला तर छायाचित्र घेऊन ताबापावतीवर तो लिहून द्यावा. पुढे वाद झालाच, तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ आहे. यवतमाळला जिल्हा आयोग आहे. दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते, वकील असलाच पाहिजे असे नाही. मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, पाच ते दहा लाखांपर्यंत २०० रुपये. १९१५ या क्रमांकावर आधी सल्लाही मिळतो. धुणे फुकट होते असे विक्रेता सांगेल. ते गाडीच्या किमतीत किंवा सर्व्हिसिंगच्या बिलात धरलेले आहे, असे आपले म्हणणे असावे.

पण तक्रार लिहिताना एक पाहावे. "धुणाऱ्याच्या निष्काळजीपणामुळे" असे वाक्य लेखणीतून सहज उतरते, आणि विक्रेत्याला नेमके तेच हवे असते. त्या वाक्याने तुमची भरपाई पोराच्या पगारातून निघते आणि बादली एकच राहते. आमच्या सभासदाने दुसऱ्या अर्जात ते वाक्य खोडले आणि लिहिले, "धुण्यासाठी पुरेसे पाणी, फडके व वेळ न दिल्यामुळे." अर्जाखाली त्याने सही केली आणि साक्षीदार म्हणून त्या पोराने केली. त्यासाठी छाती लागते. त्याची नोकरी त्या दिवशी कंत्राटदाराच्या एका शब्दावर होती.

पगारातली कपात रद्द झाली. गाडी बाहेरच्या कारागिराकडून विक्रेत्याच्या खर्चाने दुरुस्त झाली. धुण्याच्या जागी आता दोन बादल्या आहेत, एक साबणाची आणि एक फडका विसळण्याची, तळाशी जाळी बसविलेली, म्हणजे माती खाली राहते. टपाचा आणि चाकाचा फडका वेगळा झाला. पंधरा मिनिटांचा प्रश्न मात्र सुटलेला नाही. आम्ही एका गाडीला चाळीस मिनिटे मागितली आहेत, ते वीस म्हणतात. पुढची बैठक पाडव्यानंतर ठरली होती, ती त्यांनी लग्नसराईच्या विक्रीचे कारण सांगून पुढे ढकलली आहे.