मीटरचे दिवे लुकलुकतात तेव्हा

मागच्या वेळी आपण टायर आणि हवेबद्दल बोललो. त्यानंतर गाडी असलेल्या गटांकडून एकच प्रश्न फिरून फिरून आला. गाडी सुरू होते, चालते, पण स्टिअरिंगसमोरचे मीटरचे दिवे लुकलुकतात, कधी मंद होतात, कधी एकदम लख्ख. चालवावी का तशीच?

तशीच रात्रीची चालवू नका. ज्या बॅटरीवर हे दिवे, तिच्यावरच हेडलाईट, वायपर, आणि नव्या गाड्यांत तर इंजिन चालवणारा कॉम्प्युटरही. आपल्या गटाची गाडी पहाटे भाजी घेऊन बाजारात जाते आणि वेळ पडली तर मध्यरात्री बाळंतिणीला दवाखान्यातही नेते. घाटात हेडलाईट गेला तर काय होईल, ते मी सांगायला नको.

आता घरातलंच उदाहरण घ्या. शेजारी पिठाची गिरणी सुरू झाली की आपला बल्ब मंद होतो. बल्ब चांगलाच असतो, त्याच्यापर्यंत वीज पुरेशी पोचत नाही. गाडीतही तेच. म्हणून आधी दिवा बदलायला धावू नका. तो कधी लुकलुकतो ते बघा. ही नोंद तुम्हीच करू शकता, गॅरेजवाला नाही, कारण तो काही रोज तुमच्या गाडीत बसत नाही.

खड्ड्यात आदळली की लुकलुकतो? मग कुठेतरी जोड ढिला आहे. गाडी उभी असताना मंद आणि रेस दिली की लख्ख? मग चार्जिंगकडे बघायचं, म्हणजे अल्टरनेटर आणि त्याला फिरवणारा पट्टा. आपल्याकडे कुणी त्याला अजून डायनामोच म्हणतात. इंडिकेटर लावला की त्याच्या तालावर सगळे दिवे मिणमिणतात? बहुतेक अर्थची वायर सैल किंवा गंजलेली. आणि हेडलाईट, हॉर्न सगळं ठणठणीत, फक्त मीटरचाच उजेड नाचतो? मग मीटरमागचा कपलर ढिला असेल, नाहीतर उजेड कमीजास्त करायची चकती झिजली असेल. यातलं हे शेवटचं त्यातल्या त्यात कमी काळजीचं.

सगळ्यात आधी बॅटरीची टोकं बघायची. इंजिन बंद, किल्ली काढलेली. हातातल्या धातूच्या बांगड्या, पाटल्या, अंगठी उतरवा, मंगळसूत्र आत सारा, पदर कमरेला घट्ट खोचा. काचेच्या बांगड्या राहू द्या, काचेतून वीज जात नाही. पण सोन्याची पाटली एका बाजूला टर्मिनलला आणि दुसऱ्या बाजूला गाडीच्या पत्र्याला टेकली, तर क्षणात तापून मनगट भाजते. बारा व्होल्टचा झटका बसत नाही, म्हणून लोक बिनधास्त असतात. भाजणं मात्र खरं आहे. जवळ विडी, चिमणी, काहीही पेटतं नको, बॅटरीतून जळणारा वायू सुटतो.

टर्मिनल हाताने फिरवून बघा. हललं की ढिलं. वर पांढरी-हिरवी पूड साचली असेल तर ती वीज अडवते. काढताना आधी काळी वायर, म्हणजे वजा खुणेची. लावताना ती शेवटी. उलट केलंत आणि पाना पत्र्याला लागला, तर ठिणगी उडते. कपभर कोमट पाण्यात चमचाभर खायचा सोडा घालून जुन्या ब्रशने घासा. बॅटरीची झाकणं घट्ट लावलेली असू द्या, सोडा आत जाता कामा नये. साध्या पाण्याने पुसा, कोरडं करा, घट्ट आवळा, वरून व्हॅसलीन लावा. ती पूड आम्लाची असते, डोळ्यांना हात लावू नका.

आमच्या गटाच्या टेम्पोचंच सांगते. दिवे मिणमिणायचे, सकाळी सेल्फ जड मारायचा. एका गॅरेजवाल्याने बघितल्या-बघितल्या सांगितलं, "बॅटरी गेली, नवी टाका." आमच्या खजिनदारबाई म्हणाल्या, "आधी मोजून दाखवा." मल्टीमीटर लावला. इंजिन चालू असताना अल्टरनेटरवर चौदाच्या वर, आणि बॅटरीवर जेमतेम साडेबारा. मग मधली वीज गेली कुठे? खाली वाकून बघितलं तर इंजिन आणि चेसिस जोडणारी अर्थची पट्टी गंजून तुटत आली होती. ती बदलली, जुनीच बॅटरी परत चालू लागली. गटाचे पैसे गटात राहिले.

तेव्हा हे आकडे लिहून घ्या. इंजिन बंद करून तासभर झाल्यावर चांगल्या बॅटरीवर साधारण 12.6 व्होल्ट. इंजिन चालू असताना बहुतेक गाड्यांत 13.8 ते 14.5. चालू असतानाही तेराच्या खाली, तर चार्जिंग होत नाही. पंधराच्या वर, तर जास्त होतंय, पाणी आटतं, बल्ब उडतात. कुणी म्हणेल, इंजिन चालू असताना बॅटरीची वायर काढून बघू, अल्टरनेटर चांगला असेल तर गाडी बंद पडणार नाही. करू देऊ नका. ही जुनी रीत आहे, नव्या गाडीचा कॉम्प्युटर जळतो त्यात.

आणि रस्त्यातच रात्री दिवे नाचू लागले तर? रेडिओ, पंखा, एसी, मोबाईलचं चार्जिंग बंद करा. इंजिन बंद करू नका, पुन्हा सुरू होईलच असं नाही. हेडलाईटही मंदावला तर रस्त्याच्या कडेला, वळणापासून लांब थांबा, शक्यतो उजेडाच्या जागी. लाल बॅटरीचं चिन्ह पेटलं, की पट्टा तुटला असू शकतो, मग इंजिनचं तापमानही बघा, कारण काही गाड्यांत पाण्याचा पंपही त्याच पट्ट्यावर असतो. काटा वर चढला तर इंजिन लगेच बंद करा.

पुढच्या वेळी मल्टीमीटरची टोकं कशी धरायची, ते सांगते.