दोघांत तिसरा कार्बन

आरतीला आपण जो कापूर लावतो, त्याच्या रेणूत कार्बनच्या सात अणूंचा एक छोटा पिंजरा असतो. याच पिंजऱ्याच्या एका धनभारित रूपावरून, म्हणजे नॉर्बोर्निल आयनावरून, रसायनशास्त्रज्ञांमध्ये कित्येक वर्षे कडाक्याचा वाद चालला. आज त्याची गोष्ट सांगतो.

शाळेत आपण शिकलो, की दोन अणू दोन इलेक्ट्रॉन सामाईक वापरतात तेव्हा त्यांच्यात बंध तयार होतो आणि कार्बनला असे चार बंध असतात. १९४९ साली अमेरिकेतील सॉल विन्स्टाइन यांनी वेगळेच सांगितले. त्यांच्या मते, या आयनात इलेक्ट्रॉनांची एकच जोडी तीन कार्बनना मिळून बांधून ठेवते. म्हणजे एका कार्बनला चक्क पाच शेजारी! त्यांचा आधार प्रयोगाचा होता. रेणूतून बाहेर पडणारा गट एका बाजूला असला, तर तो दुसऱ्या बाजूच्या मानाने सुमारे ३५० पट वेगाने सुटत होता. शेजारचा बंध त्याला मागून हातभार लावत असणार, असे विन्स्टाइन म्हणाले.

हर्बर्ट ब्राउन यांना हे पटले नाही. त्यांचे म्हणणे असे, की हा कार्बन दोन शेजाऱ्यांमध्ये झोक्यासारखा ये-जा करतो आणि वेग इतका, की आपल्याला तो मधोमध असल्याचा भास होतो. गंमत अशी, की ब्राउन यांना १९७९चे नोबेल बोरॉनच्या संयुगांवरील कामासाठी मिळाले आणि बोरॉनच्या डायबोरेनमध्ये तीन अणूंना बांधणारी इलेक्ट्रॉनांची जोडी तोवर सर्वमान्य झाली होती! कार्बनच्या बाबतीत मात्र त्यांना भक्कम पुरावा हवा होता.

जॉर्ज ओला यांनी अतितीव्र आम्लांत, कडक थंडीत हे अल्पायुषी आयन टिकवून धरले आणि त्यांचे वर्णपट तपासले. पारडे विन्स्टाइन यांच्याकडे झुकले. ओलांना १९९४चे नोबेल मिळाले. तरी आयनाचा स्फटिक हाती नव्हता. अखेर २०१३ साली जर्मन शास्त्रज्ञांच्या पुढाकाराने तो मिळाला. उणे २३३ अंश सेल्सिअसला क्ष-किरणांनी पाहिले, तेव्हा तो कार्बन दोन्ही शेजाऱ्यांपासून सारख्याच, सुमारे १.८० अँगस्ट्रॉम अंतरावर होता. नेहमीचा कार्बन-कार्बन बंध १.५४ अँगस्ट्रॉमचा असतो आणि एक अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा एक हजार कोटीवा भाग.

हा निकाल पाहायला दोघेही नव्हते. विन्स्टाइन १९६९ साली गेले, ब्राउन २००४ साली. ब्राउन यांचे मत टिकले नाही, पण त्यांनी हट्टाने पुरावा मागितला म्हणूनच इतके प्रयोग झाले. मुलांच्या पुस्तकात दोन अणूंमध्ये काढलेली रेघ दिसली, तर ती समजण्याच्या सोयीसाठी आहे, एवढे त्यांना जरूर सांगा.